कार्सचा ‘मूव्ह लाइक धिस’: २४ वर्षांनी आलेल्या अल्बममध्ये नेमकं काय हरवलंय?

निऑन_साइन

द कार्स या अमेरिकी न्यू वेव्ह (पंकनंतरचा, कीबोर्डवर भर देणारा रॉक) बॅण्डचे १९७८ ते १९८७ मधले सहाही अल्बम कानात मुरलेले असतील, तर २०११चा ‘मूव्ह लाइक धिस’ लावल्यावर सुरुवातीला सगळं जागच्या जागी वाटतं. ‘ब्लू टिप’मध्ये रिक ओकासेकचा तोच नाकातून येणारा, शब्द तोडून फेकणारा आवाज आहे, ग्रेग हॉक्सची कीबोर्डवरची खोडकर सुरावट आहे, इलियट ईस्टनची गिटारही आहे. पण चौथ्या गाण्यापर्यंत, म्हणजे ‘सून’पर्यंत पोचलं की काहीतरी निसटल्यासारखं होतं. शेवटच्या ‘हिट्स मी’पर्यंत ते निसटलेलं परत सापडत नाही.

बॅण्डमधला बेंजामिन ऑर २००० साली वारला हे माहीत आहे. ‘ऑर नाही म्हणून’ एवढ्या उत्तराने मात्र समाधान होत नाही. दोष गाण्यांचा, वाजवण्याचा, ध्वनिमुद्रणाचा की आपल्या जुन्या आठवणींचा, हे वेगवेगळं करून कसं तपासायचं? न्यू वेव्हच्या इतर बॅण्डांनी इतक्या मोठ्या खंडानंतर काढलेल्या अल्बममध्येही हेच होतं का? आणि असे अल्बम एलपीवर, म्हणजे तबकडीवर घेण्यात काही अर्थ आहे, की फाइल पुरे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खर्जातला

‘ऑर नाही म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. ऑर बॅण्डमध्ये दोन कामं करायचा, बेस वाजवायचा आणि गायचा. दोन्हींची उणीव वेगवेगळी ऐकू येते, म्हणून तपासायचीही वेगवेगळी.

आधी गाणं. १९७८च्या पहिल्या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत. त्यातली ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’, ‘बाय बाय लव्ह’, ‘मूव्हिंग इन स्टिरिओ’ आणि ‘ऑल मिक्स्ड अप’ ही चार ऑरने गायली आहेत, उरलेली पाच ओकासेकने. गीतकार जवळजवळ सगळीकडे ओकासेकच, पण गळे दोन. एक कोरडा, तिरकस, उचकी लागल्यासारखा, दुसरा गोल आणि सरळ. ओकासेकच्या लिहिण्यातला उपरोध ऑरच्या तोंडी आला की त्याला उगाच एक हळवेपणा चिकटायचा. ऑरने गायलेलं ‘ड्राइव्ह’ हे त्याचं टोक. ‘मूव्ह लाइक धिस’मध्ये दहाच्या दहा गाणी ओकासेकच्याच गळ्यातली.

आता एक साधी परीक्षा. पहिल्या अल्बममधली फक्त ओकासेकची पाच गाणी सलग लावा: ‘गुड टाइम्स रोल’, ‘माय बेस्ट फ्रेंड्स गर्ल’, ‘आय अॅम इन टच विथ युअर वर्ल्ड’, ‘डोन्ट चा स्टॉप’, ‘यू आर ऑल आय हॅव गॉट टुनाइट’. चौथ्या गाण्याला तोच थकवा जाणवेल, आणि तोही त्यांच्या सर्वोत्तम अल्बममध्ये. म्हणजे २०११ला ओकासेक कमी पडला असं नाही. एकाच आवाजावर अख्खा अल्बम पेलावा अशी या बॅण्डची बांधणीच नव्हती. ‘सून’ला खटकतं तेही योगायोगाने नाही. ते संथ, उघडं गाणं आहे. जुन्या वाटणीत अशी जागा बहुधा ऑरकडे गेली असती.

दुसरं, बेस. बॅण्डने बाहेरचा बेसवादक घेतलाच नाही. बेसचा भाग हॉक्सने आणि निर्माता जॅकनाइफ लीने मिळून भरून काढला. हे कानांनी पकडायचं तर इक्वलायझरमध्ये साधारण २५० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरवा. हेडफोन हवेतच. बेस गिटारची सगळ्यांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते आणि फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून त्यातलं काहीच बाहेर येत नाही. मग ‘लेट्स गो’ आणि ‘ब्लू टिप’ एकापाठोपाठ ऐका. ऑरचा बेस वरवर अगदी साधा आहे, मूळ स्वरावर टिच्चून वाजणारा. पण प्रत्येक स्वराची लांबी किंचित वेगळी असते, कडव्याच्या शेवटी तो जरा लवकर सोडतो, ध्रुवपदात शिरताना जरा ओढून धरतो. स्वर कुठे सुरू झाला याकडे लक्ष देऊ नका, तो कुठे संपला ते ऐका. दुसऱ्यांनी भरून काढलेला खर्ज तिथेच उघडा पडतो.

अवांतर: मागचे कोरससारखे थर पहिल्या अल्बमवर इतके भव्य का वाटतात? कारण निर्माता रॉय थॉमस बेकर होता, क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा. त्याने थोड्या लोकांकडून तेच तेच पुन्हा गाऊन घेऊन भिंत उभी केली. त्या भिंतीत ऑरचा गळा हा मोठा दगड होता.

ठेकेदार

खर्जातला यांची पाच गाण्यांची परीक्षा झकास आहे, पण ती गळ्यापुरतीच. माझ्या मते मोठं कारण दुसरं आहे. आपण सगळे ‘२४ वर्षांनी’, ‘२९ वर्षांनी’ असं मोजत बसतो. वर्षं मोजून काही कळत नाही. त्या वर्षांत बॅण्ड एकत्र वाजवत होता की नाही, हे पाहायला हवं.

कार्स १९८८ला फुटले. ओकासेक पुढे दुसऱ्यांचे अल्बम निर्माता म्हणून करत राहिला. वीझरचा १९९४चा निळ्या मुखपृष्ठाचा अल्बम त्याचाच. ईस्टन क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेडबरोबर दौरे करत होता, हॉक्सने युकुलेलीवर बीटल्सच्या गाण्यांचा अल्बम काढला, ड्रमर डेव्हिड रॉबिन्सन तर संगीतातून जवळजवळ बाहेरच पडला होता. चौघं न्यू यॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या स्टुडिओत जमले, अल्बम केला आणि त्यानंतर मे २०११मध्ये मोजके कार्यक्रम केले. क्रम लक्षात घ्या: आधी ध्वनिमुद्रण, मग मंच. त्यामुळे प्रत्येकाचं वाजवणं चोख आहे, पण कुणी कुणाला ढकलत नाही, कुणी कुणाला थोपवत नाही.

याच्या शेजारी सायकेडेलिक फर्स हा बॅण्ड ठेवा. ‘वर्ल्ड आउटसाइड’ १९९१चा, ‘मेड ऑफ रेन’ जुलै २०२०चा. खंड २९ वर्षांचा, म्हणजे कार्सपेक्षा मोठा. त्यांच्याही जुन्या खुर्च्या रिकाम्या होत्या, गिटारवादक जॉन अॅश्टन तर २००८लाच बाहेर पडला होता. मूळ संचातले उरले ते रिचर्ड आणि टिम हे बटलर बंधू. तरीही तो अल्बम एका खोलीत वाजणाऱ्या बॅण्डचा वाटतो, कारण २०००पासून ते सतत मंचावर होते. गिटारवर रिच गुड, कीबोर्डवर अमांडा क्रेमर, सॅक्सोफोनवर मार्स विल्यम्स, ड्रम्सवर पॉल गॅरिस्टो, सगळे आधीच एकमेकांच्या सवयी ओळखून होते. खंड फक्त ध्वनिमुद्रणात होता. ‘डोन्ट बिलीव्ह’ ऐका. सॅक्सोफोन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर येतात, पण टक्कर होत नाही. हे स्टुडिओत बसून जमवता येत नाही, सवयीनेच येतं.

क्युअरचं तर आणखी सोपं उदाहरण. ‘४:१३ ड्रीम’ २००८चा, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १ नोव्हेंबर २०२४चा. मधल्या काळात बॅण्ड थांबलाच नव्हता. २०१२ला गिटारवादक रीव्हज गॅब्रेल्स आला आणि १२ वर्षांनी त्याचा या बॅण्डबरोबरचा पहिला स्टुडिओ अल्बम निघाला. यातली बरीच गाणी २०२२च्या दौऱ्यापासून लोकांसमोर वाजत होती. ‘अलोन’मध्ये गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो. इतकी लांब प्रस्तावना बांधायला सायमन गॅलपसारखा बेसवादक आणि एकमेकांवर तेवढा भरवसा लागतो.

तेव्हा निऑन_साइन यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: गाण्यांमध्ये दोष नाही. ‘सॅड साँग’ १९७९मध्ये लिहिलं असतं तरी शोभलं असतं, टाळ्यांच्या ठेक्यासकट. संचाचा सराव तुटला होता, एवढंच.

खर्जातला

सरावाबद्दल सहमत. पण नुसत्या सरावाने खुर्ची भरत नाही, त्याचं उदाहरण मॅगझिन हा बॅण्ड. त्यांचा जुना गिटारवादक जॉन मॅकगीओक २००४ला वारला. २००९ला बॅण्ड पुन्हा उभा राहिला तेव्हा गिटारवर नोको आला. तो आधी मॅगझिनचा गायक हॉवर्ड डिव्होटोबरोबर लक्झुरिया या बॅण्डमध्ये होता, म्हणजे गायकाच्या सवयी त्याला पाठ. त्याने मॅकगीओकची जुनी गाणी मंचावर उत्तम पेलली. पण २०११च्या ‘नो दायसेल्फ’पर्यंत बेसवादक बॅरी अॅडमसनही निघून गेला होता. आधीचा अल्बम १९८१चा, ३० वर्षांचा खंड, आणि दोन कणे बदललेले. गिटारची नक्कल साधली, कारण मॅकगीओकचे स्वर लिहून काढता येतात. अॅडमसनचा बेस गाण्याच्या मधोमध स्वतंत्र सुरावट घेऊन चालायचा, तो नव्या गाण्यांच्या रचनेतूनच गायब झाला. म्हणून पुनरागमनाचा अल्बम हाती आला की आधी श्रेयनामावली वाचावी, गाणी नंतर. कोण नाही, आणि त्याचं काम कोणी केलं.

एक_डेसिबल

वरच्या दोन्ही मुद्द्यांआधी एक गोष्ट उरकून घ्या, नाहीतर कान फसवतील. निऑन_साइन यांनी ‘निसटल्यासारखं होतं’ म्हटलंय. त्यात आवाजाच्या पातळीचा वाटा किती, हे मोजता येतं.

१९८०च्या दशकातल्या सीडींची सरासरी पातळी सहसा उणे १४ ते उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक, शून्याजवळ म्हणजे मोठं) असते. २०००नंतरच्या रॉक अल्बमची बऱ्याचदा उणे ७ ते उणे १०. दोन्ही एकाच बटणावर ऐकले तर नवा अल्बम पहिली दोन-तीन गाणी ‘जोरदार’ वाटतो आणि मग कान दमतात. ‘चौथ्या गाण्यापर्यंत’ ही तक्रार मला म्हणूनच संशयास्पद वाटते. एक डेसिबलने मोठं असलेलं ध्वनिमुद्रण लोक ‘मोठं’ म्हणत नाहीत, ‘चांगलं’ म्हणतात. उलट्या दिशेने थकवाही ‘गाणीच कमजोर’ असा वाटतो.

तुलना अशी करा. आधी कुठली आवृत्ती ऐकताय ते ठरवा. कार्सच्या जुन्या अल्बमची २०१६ साली ओकासेकच्या देखरेखीखाली नवी मास्टर केलेली (म्हणजे अंतिम ध्वनिप्रत पुन्हा तयार केलेली) आवृत्ती निघाली, आणि स्ट्रीमिंगवर अनेकदा तीच समोर येते. मग तुम्ही १९७८ विरुद्ध २०११ ऐकत नसता, २०१६ विरुद्ध २०११ ऐकत असता. मूळ पातळी हवी असेल तर पहिल्या पिढीची सीडी शोधा.

दोन्हींच्या फाइल फूबार २००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये घ्या आणि रिप्लेगेन या पातळी मोजून जुळवणाऱ्या सोयीने तपासा, अल्बम पद्धतीने. ट्रॅक पद्धत वापरली तर प्रत्येक गाणं एकाच पातळीवर आणलं जातं, मग ‘सून’सारखं शांत गाणं मुद्दाम वर उचललं जातं आणि अल्बमचा चढउतार मरतो. तक्रार नेमकी त्याच गाण्याची असताना तर हे अजिबात चालणार नाही. समजा जुना उणे १५ निघाला आणि नवा उणे ९, तर नवा ६ डेसिबलने खाली आणा. जुना वर चढवू नका. त्याचे ड्रमचे टोकदार ठोके आधीच शून्याजवळ असतात, वर नेलं की ते छाटले जातात आणि तुलना पुन्हा बिघडते.

पातळी जुळली की फक्त स्नेअर ड्रमकडे, म्हणजे ठेक्यातल्या कडक फटक्याकडे, कान द्या. दाबून (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करून) मास्टर केलेल्या ध्वनिमुद्रणात स्नेअर मागे सरकतो, गायकाच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. मग झांजा ऐका. एका झांजेचा नाद विरायच्या आत कीबोर्डच्या थरात मिसळून सळसळ होत असेल, तर तिथे आवाज छाटला गेलाय. हे दोन्ही जाणवलं तर तुमच्या तक्रारीतला तेवढा भाग बॅण्डचा नाही, मास्टर करणाऱ्याचा.

आणखी एक, कमी बोललं जाणारं कारण. हॉक्सच्या जुन्या भागांमध्ये मोकळी जागा आहे, ती काही प्रमाणात यंत्राने लादलेली. ‘लेट्स गो’मधला प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर एका वेळी पाचच स्वर धरू शकतो. सहावा दाबला की आधीचा एक सुटतो. मिनिमूग हा सिंथेसायझर तर एकच स्वर वाजवतो. शिवाय त्या काळी सहसा दोन इंची टेपवर २४ ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्ट्या), आणि इंजिनिअरला ३० इंच प्रतिसेकंद वेग हवा असेल तर एका रिळावर जेमतेम १६ मिनिटं. कीबोर्डला दोन-तीन ट्रॅक मिळाले तर नशीब. म्हणून वादक एकच लक्षात राहणारी सुरावट शोधायचा आणि थांबायचा. संगणकावर ना स्वरांची मर्यादा, ना ट्रॅकची. दहा थर टाकले तरी कोणी अडवत नाही, आणि मग एकही थर गुणगुणता येत नाही. २०००नंतरचा कुठलाही न्यू वेव्ह अल्बम ऐकताना मोजा: एका वेळी किती कीबोर्ड वाजताहेत, आणि त्यातला कितवा तुम्हाला तोंडाने म्हणता येतो. या कसोटीवर ‘मूव्ह लाइक धिस’ बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

निऑन_साइन

स्ट्रीमिंगवरच पातळी जुळवून ऐकलं तर चालत नाही का? स्पॉटिफायमध्ये तशी सोय आहे ना?

एक_डेसिबल

कामचलाऊ चालतं. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला आणतं, अॅपल म्युझिक उणे १६च्या आसपास. म्हणून एक अल्बम एकावर आणि दुसरा दुसऱ्यावर असं ऐकू नका. अल्बम क्रमाने वाजवला तर स्पॉटिफाय अल्बमभर एकच बदल करतं. तीच गाणी प्लेलिस्टमध्ये टाकली किंवा क्रम विस्कटून लावली की प्रत्येक गाण्याला वेगळा बदल लागू होतो. खर्जातला यांची पाच गाण्यांची परीक्षा प्लेलिस्ट करून घेणार असाल तर हे ध्यानात ठेवा. गळ्याचा थकवा तरीही कळेल, पातळीचे निष्कर्ष मात्र त्यावरून काढू नका.

बी_बाजू

प्रश्नातल्या ‘इतर बॅण्ड’ या भागाकडे कोणी नीट वळलेलं नाही, आणि तिथे खड्डे बरेच आहेत.

पहिला खड्डा कार्सचाच. २००६चा ‘इट्स अलाइव्ह’ हा ‘द न्यू कार्स’ या नावाचा आहे. गाणारा टॉड रंडग्रेन, बेसवर कासिम सल्टन, ड्रम्सवर प्रेअरी प्रिन्स. मूळ बॅण्डपैकी फक्त ईस्टन आणि हॉक्स. बहुतेक भाग मंचावरचा आहे. तो पुनरागमनाचा अल्बम समजून ऐकला तर गोंधळ उडणारच.

दुसरा खड्डा, जुनी गाणी नव्याने गाऊन काढलेले संच. ब्लाँडीने २०१४ला ‘घोस्ट्स ऑफ डाउनलोड’बरोबर आपली गाजलेली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून दिली, स्क्वीझने २०१०च्या ‘स्पॉट द डिफरन्स’मध्ये तेच केलं. स्ट्रीमिंगवर शोधलं की हे कधीकधी मूळ गाण्याच्या आधी दिसतात. ओळखायची खूण म्हणजे गोलातलं ‘पी’ हे चिन्ह आणि त्यापुढचं साल. गोलातलं ‘सी’ मुखपृष्ठ आणि छपाईचं असतं, ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्याचं साल ‘पी’ सांगतं. १९७८च्या गाण्यापुढे २०१४ दिसलं तर ते वेगळंच गायन असू शकतं.

आता खरे अल्बम. ब्लाँडीचा ‘नो एग्झिट’ १९९९चा, ‘द हंटर’नंतर १७ वर्षांनी. ‘मारिया’ फेब्रुवारी १९९९ला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ‘हार्ट ऑफ ग्लास’ तिथे पोचल्याला तेव्हा बरोबर २० वर्षं झाली होती. गाणं जिमी डेस्ट्रीचं. गायिका डेबी हॅरीच्या आवाजातला बदल इथे शिकण्यासारखा आहे. ‘हार्ट ऑफ ग्लास’मध्ये ती वरच्या, पातळ, हवेशीर सुरात आहे. १९९९ला आवाज खाली आणि जाड झालाय, आणि ‘मारिया’ची चाल त्याला साजेशी आहे. कडवी खालच्या पट्टीत शांतपणे, ध्रुवपदात एकदम उडी, आणि त्या उडीला क्लेम बर्कचे ड्रम्स आधार देतात. वय झालेल्या गायकासाठी गाणं कसं बांधावं, याचा हा नमुना. ज्यांना हे जमत नाही ते जुन्या पट्टीला चिकटून राहतात आणि आवाजावर यंत्राचा मुलामा चढवतात.

पण अल्बम म्हणून ‘नो एग्झिट’ लांबलाय. १४ गाणी आणि प्रत्येक वेगळ्या जातीचं: स्का आहे, कंट्री पद्धतीचा वॉल्ट्झ आहे, शीर्षकगीतात बाखच्या ऑर्गनवर कूलिओचं रॅप आहे. बॅण्ड १९७९लाही हे करायचा, पण तेव्हा दर वर्षी अल्बम निघायचा, एका अल्बमला सगळं दाखवायची घाई नसायची. मोठ्या खंडानंतर हा दोष हमखास येतो. साठलेलं सगळं एकदम ओतलं जातं. कार्सनी दहा गाण्यांत, ३७-३८ मिनिटांत आटपलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

डिव्होने याच अडचणीची थट्टा केली. ‘समथिंग फॉर एव्हरीबडी’ जून २०१०चा, २० वर्षांनी आलेला. १६ गाणी लोकांपुढे ठेवली आणि त्यातली १२ निवडायला सांगितली, साबणाची कंपनी ग्राहकांना विचारते तशी. डोक्यावरच्या लाल टोपीचा रंगसुद्धा तसाच ‘संशोधन’ करून निळा ठरवला. विनोद म्हणून बेष्ट, आणि गंमत म्हणजे गाळणी म्हणूनही कामी आली. चार गाणी बाहेर राहिली तर अल्बमचं काही बिघडत नाही.

बी-५२जचा ‘फनप्लेक्स’ मार्च २००८चा, १६ वर्षांनी. निर्माता स्टीव्ह ऑस्बोर्न, ज्याने न्यू ऑर्डरचा ‘गेट रेडी’ केला होता. तीन गळे शाबूत होते, त्यामुळे कार्ससारखी अडचणच नव्हती.

टिअर्स फॉर फिअर्सचा ‘द टिपिंग पॉइंट’ फेब्रुवारी २०२२चा. त्यांनी बाहेरच्या गीतकारांबरोबर बरीच वर्षं केलेलं काम बाजूला टाकलं आणि दोघंच दोन साध्या गिटारी घेऊन बसले. ‘नो स्मॉल थिंग’ तिथून आलं, आणि अल्बमची सुरुवातच त्या गाण्याने होते. शक्य असेल तर या अल्बमचं स्टीव्हन विल्सनने केलेलं, आवाज चहूबाजूंनी येणारं डॉल्बी अॅटमॉसचं मिश्रण ऐका. थर दाट आहेत, तिथे ते सुटे होऊन ऐकू येतात.

सुई_आणि_खाच

एलपीबद्दल. कुठलाही अल्बम घ्यायच्या आधी त्याची मिनिटं पाहा. ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंची तबकडीवर एका बाजूला १८ ते २० मिनिटं आरामात बसतात. २२च्या पुढे गेलं की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खर्ज आवरता घ्यावा लागतो. पातळी उतरली की तबकडीची खरखर तुलनेने वर येते. या हिशोबाने ‘मूव्ह लाइक धिस’ एका तबकडीसाठी आदर्श आहे, बाजूला १९च्या आत.

क्युअरचा अल्बम ४९ मिनिटांचा, आठच गाणी. एका तबकडीवर बाजूला २४-२५ मिनिटं येतात, आणि शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांच्या वर. ते संपतं तबकडीच्या सगळ्यांत आतल्या भागात. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच साधारण ५१ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, आत ६ सेंटिमीटर त्रिज्येवर तोच वेग २१वर येतो. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत. परिणाम झांजांवर आणि गायकाच्या ‘स’, ‘श’वर होतो, ते फाटके येतात. त्या गाण्यात झांजा आणि गिटारचा कल्लोळ शेवटीच वाढतो, म्हणजे जिथे जागा सर्वांत कमी तिथे मागणी सर्वांत जास्त. या अल्बमची अर्ध्या वेगाने कोरलेली दोन तबकड्यांची आवृत्ती आहे. घ्यायचीच तर ती घ्या.

‘नो एग्झिट’ तासाभराच्या जवळ जातो. एकाच तबकडीवर कोंबलेला दिसला तर हात लावू नका.

आणि आतल्या खाचेत फाटका आवाज आला की लगेच तबकडीला दोष देऊ नका. आधी सुई धुळीने माखली आहे का पाहा, मग कोन तपासण्याच्या छापील पट्टीवर काट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) बैठक बघा, मग वजन. काट्रिजच्या पत्रकात १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलं असेल तर मधलं २ धरा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

तबकडी डिजिटल मास्टरवरूनच कोरली असेल, आणि २०००नंतरच्या बहुतेक अल्बमबाबत तसंच असतं, तर नुसत्या ‘अॅनालॉग ऊबे’साठी पैसे घालू नका. एलपीसाठी वेगळं, कमी दाबलेलं मास्टर केलंय का, एवढंच पाहा. ते असेल तर एक_डेसिबल यांनी सांगितलेला स्नेअर पुढे आलेला ऐकू येईल. मात्र तबकडी संगणकावर उतरवून तिचे आकडे फाइलशी ताडू नका. कोरताना आणि वाजवताना लहरींचा आकार बदलतो, त्यामुळे दाबलेलं मास्टरसुद्धा कागदावर मोकळं दिसतं. निवाडा कानानेच करायचा.

निऑन_साइन

ओकासेकच्या पाच गाण्यांची परीक्षा लगेच पटली, स्नेअरकडे आता लक्ष जाईल. ‘नो एग्झिट’ लांबलाय म्हणता, तर छाटून कसा ऐकावा? बी_बाजू, गाण्यांचा क्रम द्याल का?

बी_बाजू

नऊ गाणी ठेवा. ‘स्क्रीमिंग स्किन’, ‘फरगिव्ह अँड फरगेट’ आणि ‘मारिया’ अल्बमच्या क्रमानेच. मग ‘नथिंग इज रिअल बट द गर्ल’, ‘डबल टेक’, ‘नाइट विंड सेंट’. ‘अंडर द गन’ काढू नका, ते गन क्लब बॅण्डच्या जेफ्री ली पिअर्ससाठी आहे आणि अल्बममधली सगळ्यांत चांगली गिटार त्यात आहे. ‘आउट इन द स्ट्रीट्स’ मूळ शांग्री-लाज या गायिकांच्या गटाचं. बॅण्डने ते १९७५लाही मुद्रित केलं होतं, त्या जुन्या प्रतीशी ताडून पाहा, हॅरीच्या आवाजातला २४ वर्षांचा फरक एकाच चालीवर ऐकायला मिळतो. शेवटी ‘डिग अप द कॉन्जो’. शीर्षकगीत एकदा वेगळं ऐका, बाख आणि कूलिओ दोघांसाठी, आणि परत यादीत घालू नका.

ठेकेदार

शीर्षकगीत गाळण्याला माझा विरोध नोंदवून ठेवा. बर्क त्या ऑर्गनखाली जे वाजवतो, त्यासाठी ते यादीत हवंच.